माळवद पाडू की ठेवू? घरकुल मंजूर आहे आणि ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर निघते

सुमन, जत पूर्व

सगळ्यांना नमस्कार. मी संखच्या बाजूला वस्तीवर राहते. वस्ती म्हणजे आमचं आणि दोन चुलत दिरांची अशी तीन घरं, गावठाणापासून अडीच किलोमीटर. यंदा आमचं घरकुल मंजूर झालं. पहिल्या हप्त्याचे १५ हजार खात्यावर येऊन तीन आठवडे झाले, पण अजून एक दगड हलवलेला नाही. घरात एकमत होत नाही आणि मला रात्री झोप लागत नाही, म्हणून इथं विचारते.

आत्ताचं घर सहा खणांचं माळवद आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दोन फुटी दगडमातीच्या भिंती, लिंबाच्या तुळया, वर लाकडी किलच्या, त्यावर तरवडाच्या फांद्या आणि माती. दरवर्षी मृगाच्या आधी पांढरीची माती आणून वर पसरायची आणि धुम्मसानं चोपायची, हे मी लग्न झाल्यापासून चौदा वर्षं करते आहे. सासूबाई त्याला माळिगी म्हणतात, त्यांचं माहेर विजापूरकडचं. मे महिन्यात बाहेर वारा भाजतो तेव्हा आमच्या मधल्या खोलीत पंखा लागत नाही. हे मी मनापासून सांगते, त्या घराचं मला ओझं नाही.

पण ऑगस्टमध्ये दोन दिवस भीज पाऊस लागला आणि रात्री दोनला वरून हातभर मातीचा ढेपाळा खाली आला. धाकटी रोज जिथं झोपते, नेमका तिथंच. त्या रात्री ती आजीजवळ दाराशी झोपली होती. तेव्हापासून आभाळ आलं की मी पोरींना घेऊन ओट्यावर येते.

मालक म्हणतात जुनं पाडून त्याच जागी घरकुल बांधू, दगड तिथंच आहे. सासूबाई म्हणतात, स्लॅबखाली मला भाजून मारू नका, मी गोठ्यात झोपेन. दीर म्हणतात पत्रा टाका, स्वस्तात होईल.

पैशाचा हिशोब असा. केंद्र-राज्याचे मिळून १ लाख २० हजार. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सोलरला. रोहयोतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं २८ हजार ८० रुपये. शौचालयाचे १२ हजार आम्ही २०१७ लाच घेतलेत, ते आता मिळणार नाहीत. म्हणजे सोलर सोडून १ लाख ८३ हजार. एक ओळखीचा माणूस म्हणतो, सगळे हप्ते मला द्या, वर ४० हजार द्या, मी घर उभं करून देतो, तुम्ही खुशाल तोडीला जा.

कारण अडचण तीच आहे. आम्ही दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. दिवाळी झाली की टोळी निघते आणि यायला एप्रिल उजाडतो. आमच्या विहिरीला पाणी संक्रांतीपर्यंत. म्हणजे बांधकामाला पाणी असतं तेव्हा आम्ही फडात, आणि आम्ही घरी येतो तेव्हा प्यायलाही टँकर. टोळीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दोनदा दारात येऊन गेला, अजून घेतलेली नाही.

शेवटचं विजेचं. वस्ती शेतीच्या फीडरवर आहे. थ्री फेज आठ तास, बाकी वेळ सिंगल फेजवर बल्ब लालसर जळतो. सोलर बसवलं तर पोरींना रात्री अभ्यासाला उजेड मिळेल का? मोठी यंदा सातवीला आहे.

शोभा, माडग्याळ

सुमनताई, पत्रा टाकू नका. आमचं घरकुल २०१९ चं, पैसे कमी पडले म्हणून पत्रा टाकला. मार्चपासून दुपारी अकरा ते सहा आत बसवत नाही. बाळंतीण नणंद आली होती, तिला आणि लेकराला दिवसभर लिंबाखाली ठेवावं लागलं. वळवाच्या वाऱ्यात तीन पत्रे उडाले, एक शेजाऱ्याच्या शेळीवर पडला. आता त्यावर दगड ठेवलेत आणि वारा सुटला की ते दगडच आमच्या अंगावर येतील की काय असं वाटतं.

आणि हप्ते दुसऱ्याच्या हातात देऊ नका. हप्ता तुमच्या खात्यावर येतो तो तुमच्या नावाचा म्हणून येतो. आमच्या भावकीत एकानं असंच कुणाला तरी दिलं. जोता झाला, फोटो निघाला, दुसरा हप्ता उचलला आणि तो माणूस परत फिरकला नाही. जोत्यावर आता तरवड उगवलाय.

रोजगार सेवक, शेजारचा तालुका

मी दोनच गोष्टी सांगतो. ९० दिवसांची मजुरी घर बांधलं म्हणून आपोआप मिळत नाही. तुमचं जॉबकार्ड हवं, कामाची मागणी हवी आणि हजेरीपत्रकावर तुमची नावं हवीत. तुम्ही दोघं फडात आणि हजेरी इथं, असं होत नाही आणि कुणी करून देतो म्हणाला तर अंगठा देऊ नका. म्हणजे तोडीला गेलात तर ते २८ हजार गेले असं समजून हिशोब करा. ९० दिवस घरटी आहेत, दोघं कामावर असाल तर पंचेचाळीस दिवसांत भरतात.

दुसरं, मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण व्हायला हवं. चटई क्षेत्र कमीत कमी २६९ चौरस फूट. जागेच्या उताऱ्यावर दिरांची नावं असतील तर त्यांचं संमतीपत्र आधी घ्या, जोता झाल्यावर नको. त्या वेळी भावकीत बोलणी अवघड होतात.

गवंडी, कवठेमहांकाळ

ताई, मी बोलतोय आणि नातू लिहितोय. तुमचा प्रश्न वाचून दाखवला तेव्हापासून माझं चित्त त्या ढेपाळ्यावर आहे.

मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो तेव्हा भूकंपानंतर किल्लारीकडं कामाला गेलो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं झोपलेली. त्याआधी तो मुलूख भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याचा धरत होते. आम्ही गेलो तेव्हा नवी गावं बांधायचं काम चालू होतं, पण जुनी गावं तशीच ढिगाऱ्यात होती आणि ती मी हिंडून बघितली. घरं तुमच्यासारखीच. भिंत बाहेरून दगडी दिसते, आतूनही दगडी दिसते, पण त्या दोन वेगळ्या भिंती असतात आणि मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन्ही बाजूंना धरणारा आरपार दगड कुणी घातलेला नसतो. जमीन हलली की एक तोंड बाहेर पडतं, एक आत, आणि वरचा सगळा भार झोपलेल्या माणसावर.

आणि तो भार आपणच वाढवलेला असतो. दरसाल माती टाकायची, जुनी काढायची नाही. एक घनफूट माती पंचेचाळीस किलो भरते, भिजली की त्याहून जास्त. तुमच्या आजेसासऱ्यांनी वीतभर टाकली असेल. त्यावर किती पावसाळे झाले, तुम्हीच मोजा. उद्या कडेला एका जागी उकरून टेप लावा आणि मला सांगा.

आता तुमच्या मालकांना सांगा, जुनं पाडू नका, निदान आत्ता नको. जागा असेल तर घरकुल शेजारी काढा. माळवद उतरवायला आठ-दहा दिवस जातील, तोवर पोरी कुठं झोपणार? पायाला आणि जोत्याला दगड लागतो तो पडक्या गोठ्याचा, बांधाचा वापरा. तुमच्याकडं मुरूम लवकर लागतो, काळ्या रानासारखा पाच-सहा फूट पाया खणायला लागत नाही, तिथं तुमचे पैसे वाचतात.

स्लॅबच घाला. साडेचार इंची स्लॅबला अठ्ठावीस-तीस पोती सिमेंट आणि पावणेतीन क्विंटल सळई धरा. दाराच्या वर लिंटेलची पट्टी चारी भिंतींवरून अखंड फिरवा, नुसती दार-खिडकीपुरती तोडू नका. सेंट्रिंगवाला घाई करील, करू देऊ नका. किल्लारीनंतर बांधलेल्या प्रत्येक घराला आम्ही ती पट्टी घातली आणि तेव्हापासून मी गोठासुद्धा तिच्याशिवाय बांधलेला नाही. स्लॅब पडल्यावर वर मातीची आळी करून चौदा दिवस पाणी उभं ठेवायचं. म्हणून संक्रांतीच्या आत स्लॅब पडला पाहिजे. टँकरच्या पाण्यावर माणूस हात आखडता घेतो आणि स्लॅब कच्चा राहतो. असे स्लॅब मी पाच वर्षांत गळताना बघितलेत.

सासूबाईंचं खोटं नाही, स्लॅब तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. उंची दहा फूट धरा. समोरासमोर भिंतींत छताच्या लगत झरोके ठेवा, गरम हवा वरून निघून जाते. फेब्रुवारीत स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा, दरसाल मारा. पश्चिमेची भिंत जाड ठेवा, तिकडं खिडकी नको.

आणि म्हातारीसाठी माळवदाचे दोन खण नीट करून द्या. वरची माती उतरवायची, पण दोन्ही बाजूंनी सारखी, एकाच बाजूनं ओढली तर तुळई कलते. वर किती माणसं आहेत बघा, दोनच असू द्यात. मग किलच्या तपासा, तुळईची भिंतीतली टोकं तपासा, वाळवी तिथंच लागते. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद, वर वीतभरच माती. भिंतीत कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीला चार-चार फुटांवर आरपार भोक पाडून, दोन्हीकडं आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. दगड ठोकून नाही काढायचा, पहारीनं हळू हळू हलवून. हे काम मी येऊन दाखवीन. जाण्यायेण्याचं भाडं तेवढं द्या.

वायरमन, आटपाडी

ताई, सोलरचं नीट ऐकून घ्या, कारण विकणारे हे सांगत नाहीत. छतावरचं अनुदानाचं सोलर लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेली की तेही बंद होतं, भर उन्हातसुद्धा. नाहीतर तुमच्या पॅनेलची वीज उलटी खांबावर जाईल आणि वर चढलेला माझ्यासारखा माणूस मरेल, म्हणून ते मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. बॅटरी त्यात येत नाही. रात्रीचा उजेड त्यातून मिळेल या आशेवर राहू नका.

फायदा बिलाचा आहे. एक किलोवॅटला महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट होतात, ती तुमच्या वापरातून वजा होतात. केंद्राचे ३० हजार, घरकुलाचे १५ हजार, त्यामुळे खिशातून थोडंच जातं. पण तुमच्याकडं बल्ब लालसर जळतो म्हणालात, म्हणजे विजेचा दाब, व्होल्टेज, कमी आहे. दाब मर्यादेच्या बाहेर गेला की सोलरचा इन्व्हर्टर थांबतो, मग युनिट कुठून होणार? आधी दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला मीटरवर दाब मोजून घ्या, आठ दिवस वहीत लिहा. ती वही आणि तिन्ही घरांच्या सह्या जोडून वस्तीला गावठाण फीडरवरून किंवा वेगळ्या सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरवरून जोडण्याचा अर्ज द्या. पोच घ्या.

घर बांधताना अर्थिंग विसरू नका. मुरमात अर्थिंग धरत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खड्डा घ्या, कोळसा-मीठ घाला, म्हणजे ओल राहते. पोरींच्या अभ्यासाला तोवर छोटं पॅनेल आणि बॅटरीचा दिवा वेगळा घ्या.

सुमन, जत पूर्व

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. चार दिवस आम्ही हेच वाचत बसलो, मालकांना दोनदा वाचून दाखवलं.

उचल घेतली नाही. मुकादमाला काल सांगितलं, तो चिडून गेला. पण या साली आम्ही दोघं आपल्याच घराच्या हजेरीवर काम करणार, आणि मधल्या दिवसांत कवठेमहांकाळकडं द्राक्षाच्या विरळणीला जाता येईल. कारखान्यावरचे पैसे जास्त असतात हे खरं. पण उचल अंगावर नसेल, पोरींची शाळा बुडणार नाही, आणि स्लॅबवर पाणी मी माझ्या हातानं घालीन. कमी पडतील ते पैसे भिशीतून आणि दोन शेळ्या विकून उभे करायचं ठरलंय. दिरांच्या सह्या झाल्या. दाबाची वहीही सुरू केली आहे, काल सातला १६८ व्होल्ट होता.

मामा, तुम्ही सांगितलंत तसं मालकांनी काल छपराच्या कडेला उकरून टेप लावला. सव्वादोन फूट निघाली. थर मोजता येत होते, कुठं काळसर, कुठं पांढरा, एका ठिकाणी माझ्या लग्नाच्या वर्षी तुटलेली काचेची बांगडी सापडली. मी वहीत गुणाकार केला. धाकटी झोपते तेवढ्या जागेवर अठरा क्विंटल माती आहे.

सासूबाई खालीच ओट्यावर बसून होत्या, सारखं विचारत होत्या, किती निघाली, किती निघाली. सांगितल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काढा. पण माझ्या खणातलं सानं, ते छतातलं उजेडाचं भोक, बुजवू नका, पहाटेचा उजेड मला तिथूनच कळतो.

मामा, सोमवारी जोत्याची आखणी करतोय. तुम्ही जतला स्टँडवर उतरा, मालक मोटारसायकल घेऊन येतील.