मुलीचा बूस्टर राहिलाय, आईची तर नोंदच नाही: घटसर्प-धनुर्वाताच्या लसीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार,

परवा बागेत अनवाणी काम करताना आईच्या पायात खिळा घुसला. डॉक्टरांनी विचारलं, "धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंत?" आई म्हणाली, "हिच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा." मी आता 38 वर्षांची आहे! लहानपणचे डोस तिला आठवत नाहीत, कागद कुठलाच नाही. जखम धुऊन लस दिली, शिवाय तयार अँटीबॉडीचं वेगळं इंजेक्शनही दिलं. लसीचे आणखी दोन डोस घ्यायला सांगितलेत. "एवढीशी गंजक्या खिळ्याची जखम, त्याला चार इंजेक्शनं?" म्हणून आई कुरकुरतेय.

घरी येऊन मुलीचं लसीकरण कार्ड काढलं. ती साडेसात वर्षांची. तान्हेपणीचे तीन आणि दीड वर्षाचा डोस झालेत, पण पाचव्या वर्षाचा रकाना कोरा. त्या वर्षी घर बदललं, त्यात राहून गेलं. फार लागलंय मनाला. आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का? वहिनी म्हणते, घटसर्प हल्ली कुठे दिसतो, राहू दे.

प्रतिसाद १
मी बरीच वर्षं लसीकरणात परिचारिका होते. पहिल्यापासून अजिबात नको. मधे कितीही खंड पडला तरी झालेले डोस वाया जात नाहीत, राहिलेला तेवढा द्यायचा. मात्र सात वर्षांनंतर लहान बाळांची त्रिगुणी लस देत नाहीत. टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस देतात, त्यात घटसर्पाची मात्रा कमी असते, कारण मोठ्या वयात पूर्ण मात्रेने दंड जास्त सुजतो. काही ठिकाणी डांग्या खोकल्यासह मिळते. पुढचा बूस्टर किशोरवयात.

वहिनींना सांगा, घटसर्प दिसत नाही तो लसीमुळेच. लसीकरण ढासळलं तिथे तो परतलाय. घशात करडा पडदा धरतो, श्वास कोंडतो, आणि त्याचं विष हृदयापर्यंत जातं.

प्रतिसाद २
आईंसाठी: दोष गंजाचा नाही, मातीतल्या जंतूंच्या बीजाणूंचा. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी आपल्याला त्याचा आडोसा नाही. एकदा होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही. दुसरा डोस निदान चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. तिसरा चुकवू देऊ नका, बहुतेक लोक तिथेच गळतात.

धागाकर्ती
खूप आभार. आईला वाचून दाखवलं, दुसऱ्या डोसची तारीख तिने स्वतःच कॅलेंडरवर लिहिली. मुलीला बुधवारी नेते. माझे लहानपणचे डोस पूर्ण आहेत, शेवटचा मुलीच्या वेळी गरोदरपणात घेतला होता. मलाही लागेल का?

प्रतिसाद १
बऱ्याच देशांत मोठ्यांना दर 10 वर्षांनी बूस्टर सांगतात, म्हणजे अजून दोनेक वर्षं आहेत. पण मातीची किंवा खोल जखम झाली तर मर्यादा 5 वर्षांची, ती तुमची उलटून गेलीय. तसं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बुधवारी मुलीबरोबर स्वतःचंही डॉक्टरांना विचारून घ्या.