'टोन'ला मराठीत काय म्हणावं? छाया, छटा, उजळ, पडछाया

कृष्णधवल व्यक्तिचित्रणाबद्दल, म्हणजे माणसांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंबद्दल, नवशिक्यांसाठी मराठीत एक टिपण लिहितेय. कॅमेरा, लेन्स, फिल्टर, प्रिंट हे शब्द तसेच ठेवलेत, त्यांना पर्याय शोधायची मला गरज वाटत नाही. गाडी अडलीय ती 'टोन'पाशी.

"काय सुंदर टोन आहे या फोटोचा!" "गालावरचे टोन गेले." "सावलीत थोडा टोन राहू दे." ही वाक्यं आम्ही रोज बोलतो आणि प्रत्येकात टोन वेगळा असतो. पहिल्यात फोटोचा एकंदर भाव, दुसऱ्यात उजेडापासून काळोखापर्यंतच्या पायऱ्या, तिसऱ्यात काळोखातही दिसत राहणारा तपशील. बोलताना फोटो समोर असतो, बोट ठेवून दाखवता येतं. लिहिताना ती सोय नाही.

चित्रकलेच्या वर्गात 'छायाभेद' शिकवतात. शब्द बरोबर आहे, पण त्यात वेगळेपणावर भर येतो. गालावरून उजेड उतरत जातो तिथे एक छटा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही, आणि चेहऱ्याचं सगळं देखणेपण त्या न सांगता येण्यात असतं. 'छटा' मला जवळचा वाटतो. अडचण इतकीच की छटा म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात रंग येतो. 'झाक' तर निव्वळ रंगाची : जुन्या प्रिंटला तपकिरी झाक असते, ती वेगळी गोष्ट.

शब्द नेमका नसला की काय होतं ते मी अनुभवलंय. मावशीचा एक फोटो काढला होता. खिडकीशी बसलेली, डावीकडून उजेड, उजवी बाजू जवळजवळ अंधारात. मावशी सावळी आहे. कपाळावरचा उजेड नाकाच्या शेंड्यापर्यंत सरळ आला होता, पण डोळ्याखालच्या बारीक सुरकुत्यांतून गालावर उतरताना अडखळत गेला होता. मोठा प्रिंट करायला दिला आणि सोबत चिठ्ठी लिहिली : 'चेहरा थोडा उजळ ठेवा.' मला म्हणायचं होतं की चेहऱ्यावरचा उजेड प्रिंटमध्ये दबू देऊ नका. प्रिंट आला त्यात मावशी गोरी झाली होती. सुरकुत्या गेल्या, कपाळाचा पोत गेला, नाक कपाळात मिसळलं. खूप वाईट वाटलं. पण करणाऱ्याने शब्दाचा जो अर्थ घेतला तो मराठीत आहेच. 'उजळ' म्हणजे प्रकाश असलेला, आणि 'उजळ' म्हणजे गोरा. 'उजळ वर्णाची' असं आपण सर्रास म्हणतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचा प्रयत्न करते : वस्तू मुळात किती गडद, आणि तिच्यावर उजेड किती. भर उन्हातलं काळं कापड आणि दाट सावलीतला पांढरा सदरा कागदावर अगदी एकाच राखाडीत उतरू शकतात. प्रत्यक्षात आपण एकाला काळा आणि दुसऱ्याला पांढराच म्हणतो, कारण डोळा उजेडाचा हिशेब आपोआप वजा करतो. कॅमेरा करत नाही.

आता छायेकडे येते. चेहऱ्यावर दोन तऱ्हेचा काळोख असतो. एक, गालाची जी बाजू उजेडाकडे पाठ करून असते तिचा. तो गोलाईबरोबर हळूहळू दाटत जातो, त्याला कड नसते. दुसरा, नाकाने गालावर किंवा हनुवटीने गळ्यावर टाकलेला. त्याला आकार असतो आणि कडही असते. दिवा लहान आणि दूर असेल तर कड पात्याने कापल्यासारखी येते, मोठी खिडकी जवळ असेल तर विरघळलेली. पहिल्या काळोखाने चेहऱ्याला गोलाई येते, दुसऱ्यावरून उजेड कुठल्या बाजूने आणि किती उंचीवरून आला ते कळतं. हे दोन वेगळे दिसायला लागले की शिकणाऱ्याची नजर बदलते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय. म्हणून दोन शब्द हवेत. माझ्या मनात असं आहे की पहिल्याला 'छाया' म्हणावं आणि दुसऱ्याला 'पडछाया', कारण त्यात 'पडणे' आहेच. चालेल का? आणि 'टोन'चं काय करू?

प्रतिसाद

छायेपासून सुरुवात करतो. अमरकोशात ओळ आहे : 'छाया सूर्यप्रिया कान्तिः प्रतिबिम्बमनातपः'. सूर्याची पत्नी, कांती, प्रतिबिंब आणि ऊन नसणं, असे चार अर्थ एका ओळीत दिलेत. तुमच्या विषयाला यातले शेवटचे तिन्ही लागू पडतात. चेहऱ्यावरचं तेज तेही छाया, चेहऱ्याचं बिंब तेही छाया, आणि ऊन पोचलं नाही तो भाग तोही छाया. आजच्या मराठीत कांतीचा अर्थ जवळपास गेला. 'चेहऱ्यावर छाया पसरली' म्हटलं की आपल्याला दुःखच कळतं. प्रतिबिंबाचा अर्थ मात्र 'छायाचित्रा'त टिकून आहे असं मला वाटतं. काही जण 'छायाचित्र' शब्द चुकीचा ठरवतात, फोटो प्रकाशाने होतो मग छाया कशी, म्हणून 'प्रकाशचित्र' हवं म्हणतात. 'प्रकाशचित्र' चांगला शब्द आहे, वापरावा. पण छायेत फक्त काळोख बघायचं कारण नाही.

मूळ लेखिका

ही ओळ मला माहीत नव्हती, फार आनंद झाला. इंग्रजीतही हा पेच होता बरं का. 1839 साली इंग्रज शास्त्रज्ञ हर्शेल यांनी 'फोटोग्राफी' शब्द मांडला, त्याचा अर्थ प्रकाशाने रेखाटणं. त्याच वर्षी फोटोग्राफीची एक पद्धत शोधणाऱ्या टॅल्बट यांनी आपल्या पद्धतीबद्दल जो निबंध वाचला त्यातल्या एका भागाचं शीर्षक 'सावली पक्की करण्याची कला' अशा अर्थाचं आहे. टॅल्बट यांच्या पहिल्या चित्रांत पान किंवा लेस कागदावर ठेवून उन्हात धरलेली असे. जिथे ऊन लागलं तिथे कागद काळा झाला, जिथे वस्तूची सावली होती तिथे तो पांढरा राहिला. म्हणजे सावलीच पांढरी उमटली! निगेटिव्ह, म्हणजे काळं-पांढरं उलटं दिसणारी फिल्म, हाताळलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही, तरी लिहिताना मला थांबावंसं वाटलं.

प्रतिसाद

'पडछाये'त 'पडणे' नाही हो. तो 'पड' म्हणजे 'प्रति'. प्रतिशब्दाचा पडसाद झाला, प्रतिजिव्हेची पडजीभ झाली, तशी प्रतिच्छायेची पडछाया. अर्थही तोच सांगतो. पडछाया म्हणजे माणसाची सबंध काळी प्रतिकृती : भिंतीवर हलणारी, दारात उभी राहिलेली. नाकाची कधी पडछाया ऐकलीय का? तुम्ही म्हणता त्याला साधी 'सावली' पुरेशी आहे.

मूळ लेखिका

मान्य, पूर्ण मान्य. 'पडसाद' रोज वापरूनही लक्षात आलं नव्हतं.

तुमच्यामुळे आणखी एक दिसलं. सावली म्हटलं की ती कुणाची हा प्रश्न लगेच येतो : नाकाची सावली, पापण्यांची सावली, टोपीच्या कडेची सावली. आणि छाया म्हटलं की कुठे हा प्रश्न येतो : गालावरची छाया, मानेवरची छाया. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, 'झाडाची छाया' आपण म्हणतोच, पण चेहऱ्याबाबत हा कल मला पक्का जाणवतो. तेव्हा टिपणात गालावरची छाया, नाकाची सावली आणि मागच्या भिंतीवरची पडछाया असे तीन शब्द तीन जागी ठेवते. सावलीच्या कडेबद्दल लिहिताना ग्रहणाच्या धड्यातले 'प्रच्छाया' आणि 'उपच्छाया' उपयोगी पडतील. मधला गर्द भाग आणि भोवतालची विरळ किनार, मोठ्या खिडकीच्या उजेडात ही किनार रुंद होते, एवढंच सांगायचं आहे.

प्रतिसाद

मी बरीच वर्षं डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, काम केलं. 'टोन'ला एकच शब्द शोधू नका, मराठीने पायऱ्यांना आधीच नावं दिलेली आहेत.

अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी 1940च्या सुमारास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पट्टे ठरवले, 0 ते 10 असे एकूण 11. एका पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायचं म्हणजे उजेड दुप्पट. मधला पाचवा म्हणजे 18 टक्के प्रकाश परतवणारा राखाडी. आता आपले शब्द त्यावर ठेवून बघा. 'काळाकुट्ट' म्हणजे ज्यात काही दिसत नाही तो काळा, शून्य. 'काळाभोर' तसा नाही. केस काळेभोर असतात, डोळे काळेभोर असतात, म्हणजे काळे असून त्यांत खोली आणि चमक असते. तो दुसरा-तिसरा पट्टा, जिथे केसाची बट बटेपासून वेगळी दिसते. मग काळपट, करडा, राखाडी, पांढुरका. 'पांढराशुभ्र'मध्ये कापडाची वीण दिसते, तो आठवा. आणि 'पांढराफटक' म्हणजे कोरा कागद. भीतीने रक्त उतरलेल्या चेहऱ्याला आपण पांढराफटक म्हणतो, आणि उजेडाने तपशील जळून गेलेलं कपाळ बघा, त्याला दुसरं काय म्हणणार?

मी नव्या मुलांना इतकंच सांगायचो : केस काळेभोर राहू देत, काळेकुट्ट नकोत, सदरा शुभ्र हवा, फटक नको. त्यांना पट्ट्यांचे आकडे पाठ करावे लागले नाहीत.

मूळ लेखिका

हे मी तुमचं म्हणून टिपणात घेऊ का? काळाभोर आणि काळाकुट्ट यांतला फरक मला कानाने माहीत होता, डोळ्याने आज कळला.

एक भर घालते, कारण मावशीचा प्रिंट डोक्यातून जात नाही. अॅडम्स-आर्चर यांच्या पट्ट्यांच्या पद्धतीत गोऱ्या कातडीची उजेडातली बाजू सहाव्या पट्ट्यावर धरतात, सावळी कातडी पाचव्यावर किंवा त्याखाली. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मात्र वर्ण कळत नाही. समोर जे असेल ते मधला राखाडी आहे असं धरून तो हिशेब करतो. चौकट भरून गोरा चेहरा असला तर तो मळकट येतो, काळासावळा असला तर विनाकारण फिका. त्यामुळे मीटरचा आकडा घेऊन मग आपल्या डोळ्याने ठरवावं लागतं : हा चेहरा निमगोरा, हा गव्हाळ, हा सावळा, तेव्हा याला कुठल्या पायरीवर बसवू? वर्णाचे एवढे बारीक शब्द असलेल्या भाषेत 'चेहरा उजळ करा' हीच एक सूचना चालावी, याचा मला खेद आहे.

शिवाय वर्ण राखाडीत कसा उतरेल हे फिल्मवरही ठरतं. फिल्मच्या आधी फोटो काचेच्या प्लेटांवर घेत, त्या सुरुवातीच्या काचांना निळा उजेडच काय तो कळे. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनी रंगद्रव्यं मिसळून त्यांना हिरव्यापर्यंत आणलं, आणि लालसकट सगळे रंग ओळखणाऱ्या काचा 1906 पासून बाजारात आल्या. त्याआधीच्या फोटोंत लालसर ओठ जवळजवळ काळे आणि चेहऱ्यावरचे डाग ठळक दिसतात. याउलट आज लाल फिल्टर लावला तर ओठ फिके पडतात, कातडी नितळ दिसते. माणूस तोच, उजेड तोच, टोन वेगळा. म्हणून 'टोन' म्हणजे नुसता उजेड असंही लिहिता येत नाही.

प्रतिसाद

एका शब्दाबद्दल विचारायचं होतं. बाजूने आणि थोडा वरून उजेड आला की अंधाऱ्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक छोटा त्रिकोण उमटतो. डच चित्रकार रेम्ब्राँटच्या नावाने ओळखतात तो. त्याला 'कवडसा' म्हणता येईल का? की 'तिरीप'?

मूळ लेखिका

तिरीप नको. तिरीप उन्हाची, आणि ती येते; तिचा तिरकेपणा आणि हालचाल महत्त्वाची. कवडसा मात्र पडलेला असतो, एका जागी, चारी बाजूंनी अंधार घेऊन. भोकातून आत आलेल्या उजेडाचा तो ठिपका, असा त्याचा मूळ अर्थ. इथे भोक नाही, पण नाकाची सावली आणि गालावरची छाया खाली एकमेकींना भिडतात आणि मध्ये जी फट राहते तिच्यातून उजेड गालावर पोचतो. मला 'गालावरचा कवडसा' अगदी पटला. तो डोळ्याच्या रुंदीपेक्षा मोठा नसावा असा संकेत आहे. सावली आणि छाया भिडल्याच नाहीत तर मग तो कवडसाच उरत नाही.

प्रतिसाद

आणि डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्याला?

मूळ लेखिका

त्याला मी 'डोळ्यातली चमक' म्हणते, नवा शब्द घडवत नाही. तो ठिपका म्हणजे खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब असतं. जवळून बघितलं तर खिडकीचे गजही मोजता येतात. बुबुळाच्या मधल्या काळ्या भागाला आपण 'बाहुली' म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात डोकावलं की आपलीच इवलीशी आकृती दिसते. मावशीच्या फोटोत मोठं करून पाहिलं, तिच्या डाव्या डोळ्यात खिडकी आहे आणि खिडकीच्या कडेला मी, कॅमेरा धरून वाकलेली.

'टोन'चं म्हणाल तर टिपणात तो शब्द आहे तसाच ठेवतेय, पहिल्याच पानावर तिन्ही अर्थ सांगून. पायऱ्यांबद्दल लिहीन तिथे 'छटा'. मावशीचा प्रिंट परत करायला देतेय. या वेळची चिठ्ठी अशी लिहिलीय :

'वर्ण सावळा आहे, सावळाच ठेवा. कपाळावर आणि डाव्या गालावर उजेड आहे, तिथल्या सुरकुत्या दिसायला हव्यात, पांढराफटक भाग कुठेही नको. उजव्या गालावरची छाया दाट असू द्या, पण कानाचा आकार तीत हरवू नये. डोळ्याखालचा कवडसा आहे तेवढाच राहू द्या. केस काळेभोर. मागच्या भिंतीवरची पडछाया काळीकुट्ट झाली तरी चालेल.'