रेडिओचा वेग बदलतो म्हणून बफर वाढवायचा?

रांगवाला
'लिंकचा वेग खालीवर होतो, तर रेडिओत मोठा बफर ठेवा आणि इथरनेटचा पॉझ चालू करा, पॅकेट पडणारच नाहीत.' हा सल्ला तरंग७ने इथे बॅकहॉलच्या (दोन ठिकाणं बिनतारी जोडणाऱ्या रेडिओ लिंकच्या) धाग्यात बिनदिक्कत दिलाय. बफर म्हणजे पॅकेट रांगेत थांबतात ती जागा, पॉझ म्हणजे 'थोडा वेळ पाठवू नका' असा निरोप. आकडे बघा. ५ एमबीचा बफर ४०० एमबीपीएसला १०० मिलिसेकंदांत रिकामा होतो. पावसात २५६ क्वाम या वेगवान सिग्नल-पद्धतीवरून क्यूपीएसके या संथ पण तगड्या पद्धतीवर आलं की वेग पाव, तोच बफर ४०० मिलिसेकंद घेतो. क्यूबिक (टीसीपीचा पाठवण्याचा वेग ठरवणारा अल्गोरिदम) पॅकेट पडेपर्यंत रेटतच राहतो, त्यामुळे बफर भरणारच. पॅकेट वाचलं, व्हॉइस कॉल गेला.

तरंग७
माझा सल्ला अर्धाच वाचलात. पॉझ आला की रांग राउटरमध्ये साचते आणि तिथे प्राधान्य लावता येतं. तुमचा १०० एमबीपीएसला बांधलेला शेपर (राउटरमधला वेगाला मर्यादा घालणारा) स्वच्छ हवेत ३०० एमबीपीएस फुकट घालवतो, त्याचं काय?

रांगवाला
बांधलेला शेपर लावा असं मी कुठे म्हटलं? ८०२.३एक्स या इथरनेट मानकाचा पॉझ अख्खं पोर्ट थांबवतो, व्हॉइससकट. गिगाबिटवर एका फ्रेमने ३३.६ मिलिसेकंदांपर्यंत. मध्ये स्विच असेल तर त्याच्याच बफरमध्ये साचतं, राउटरला पत्ताच नाही. डीएलईपी हा रेडिओ-राउटरमधला प्रोटोकॉल (आरएफसी ८१७५) कशासाठी आहे? रेडिओ चालू वेग कळवतो, त्याच्या ९० टक्क्यांवर शेपर ठेवा. त्याचाच विस्तार असलेल्या आरएफसी ८६५१ मध्ये तर रांगनिहाय पॉझ आहे.

मोजमापी
निरोप पोचेपर्यंत हवा बदललेली असते. वेग उतरला की शेपर लगेच उतरवा, चढताना काही सेकंद थांबा, नाहीतर तो झोके घेत बसतो. शेपरखाली एफक्यू-कोडेल (रांग सांभाळणारा अल्गोरिदम) हवाच, कारण तो पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजतो, वेग माहीत असण्याची गरज नाही. मात्र १ एमबीपीएसला १५०० बाइटचं एक पॅकेटच १२ मिलिसेकंद घेतं. तिथे ५ मिलिसेकंदांचं टार्गेट (रांगेत चालेल एवढा उशीर) ठेवलंत तर उगाच पॅकेट पाडेल. १५ करा.

तरंग७
आणि वायफायवर? प्रत्येक क्लायंटचा वेग वेगळा, शेपर कुणाला लावणार? तिथे ६ आणि ९ एमबीपीएस हे खालचे रेट बंद करा, विषय मिटला.

मोजमापी
मुळीच मिटत नाही! लांबच्या क्लायंटचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर सेटिंग बदलून सुधारत नाही. तो १२ वर पाठवेल, पुन्हापुन्हा पाठवेल, तेवढाच एअरटाइम (हवेत पाठवण्याचा वेळ) खाईल किंवा तुटेल. आजार पॅकेटमागे पॅकेट अशा समान वाटपाचा आहे. ५४ आणि ६ चे दोन क्लायंट घ्या: १५०० बाइटला एकाला ०.२२ मिलिसेकंद, दुसऱ्याला २. ओव्हरहेड सोडला तरी दोघांना जेमतेम ५.४ एमबीपीएस. एअरटाइम समान वाटलात तर २७ आणि ३. लांबच्याचं थोडं जातं, जवळच्याचं पाचपट होतं.

तरंग७
लांबच्याचे ५.४ चे ३ झाले, त्याला तुम्ही 'थोडं' म्हणता? आणि बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असं वायफाय सतत सांगतं तो संदेश, विसरलात. तो सर्वांत खालच्या बेसिक रेटवर (सगळ्या क्लायंटना जमलाच पाहिजे अशा वेगावर) जातो, एसएसआयडी (वायफायची नावं) चार असतील तर १०२.४ मिलिसेकंदांत चारदा. खालचे रेट बंद केले की तो एअरटाइम मोकळा होतो.

मोजमापी
बीकनपुरतं खरं. ३ बद्दलही मान्य, पण ती किंमत लांबच्यानेच मोजावी, सगळ्यांनी का?

रांगवाला
धागा बॅकहॉलचा होता. तरंग७, रेडिओ आणि राउटरमध्ये थेट केबल असेल आणि रेडिओ डीएलईपी बोलतच नसेल, तर पॉझ राहू द्या. बफर मात्र आजच कमी करा: खालच्या वेगाला २० मिलिसेकंद, म्हणजे १०० एमबीपीएसला २५० केबी.

तरंग७
२५० केबीवर ४०० चा टीसीपी प्रवाह भरत नाही. ५०० ठेवतो, त्याखाली येणार नाही.