हातमागाचं गाणं १५ हजारात कायमचं मागून राहिले, द्यावं का?

विणकर_पोट्टा
नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरचा, गोळीबार चौकाकडे राहतो, सकाळी पोरांच्या गिटारच्या शिकवण्या घेतो, सीझनमध्ये लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करतो, आपल्या इकडच्या बोलीत. त्यातलं एक गाणं माझ्या आजोबांच्या मागावर आहे. त्यांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली, धोटा इकडून तिकडे गेला की एक आवाज, फणी आपटली की दुसरा, आणि दोन्हीच्या मधात जो थोडा दम असतो ना तोच ठेका मी गाण्यात धरला आहे, ढोलकी वगैरे काही नाही, लाकडावरच वाजवला.
मे महिन्यात वरच्या खोलीत रेकॉर्ड केलं, भिंतीला गाद्या लावून. मे मध्ये नागपुरात वरची खोली म्हणजे काय ते सांगायला नको. माईक असा आहे की शेजारच्याचा कूलरही पकडते म्हणून रात्री १२ च्या नंतर बसायचो, आपला कूलर बंद करायचा, एक कडवं घ्यायचं, बोटं घामानं तारेवरून घसरायला लागली की परत कूलर लावून बसायचं, मग पुढचं कडवं. सगळं गाणं असंच झालं आणि मला ते फार आवडते, खोटं कशाला बोलू.
आता मुद्दा. एका यूट्यूब चॅनलवाल्यानं ऐकलं, लोकगीतांचा मोठा चॅनल आहे, नाव नाही टाकत. तो म्हणते एकरकमी १५ हजार देतो, गाणं आमचं, आम्ही त्याला डीजेवर वाजेल असं करू. व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या, 'सर्व हक्क कायमस्वरूपी चॅनलकडे राहतील' आणि खाली सही कर म्हणे. गीत-संगीत म्हणून माझं नाव येईल का विचारलं तर म्हणे बघू.
आषाढ लागला की आमचं काम बंद, आता तुळशीच्या लग्नापर्यंत तारखा नाहीत, मधात गणपती आणि देवीचे कार्यक्रम मिळतील तेवढेच. साऊंड कार्डाचे हप्ते चालू आहेत, १५ हजार मला कमी नाहीत. पण हात थरथरून राहिला सही करायला. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

झाडीचा_ऑर्गन
भाऊ, पहिले तर त्याला लगेच हो किंवा नाही काहीच म्हणू नको. पैशाची तंगी चार महिन्यांची आहे आणि तो कायमचं मागून राहिला, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेव.
तंगीचं मी सांगतो. मी नागपुरातच राहतो पण दिवाळी झाली की वडशाला जातो, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या गावाकडच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. भाऊबीजेपासून जे सुरू होते ते होळीपर्यंत, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, गावाला पाहुणे आले की रात्री नाटक पाहिजेच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, रात्री उशिरा पडदा उघडते आणि उजाडेपर्यंत चालते, गाणी सगळी लाईव्ह, आम्ही स्टेजच्या पुढ्यात बसतो आणि नट जिथे सूर सोडेल तिथून उचलायचा. झोपेचे हाल होतात, थंडीत बोटं आखडतात, पण हिशोब नाईटचा असते आणि पैसे रोख. मंडळं आपली माणसं सीझनच्या आधीच ठरवतात, म्हणजे विचारायची वेळ हीच आहे. गिटारपेक्षा कीबोर्ड किंवा ऑक्टापॅड येत असेल तर लवकर जमते. आणि तिथे लोक हजारोंनी बसतात, नवीन चाल आवडली की वन्समोअर देतात, नाही आवडली तर तेही लगेच समजते. तुझा मागाचा ठेका तिथे वाजवून पाहा एकदा, विणकर तर भंडाऱ्याकडेही भरपूर आहेत.

नंदनवन_बीट्स
मी थोडं उलट बोलतो, रागावू नको. विकून टाक.
मी पण स्वतःची गाणी टाकतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून एका गाण्याला १२ महिन्यांत १००० वेळा तरी ऐकलं गेलं नाही तर रॉयल्टीच धरत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे पाहिजे तर १००० सबस्क्रायबर पाहिजेत आणि वर्षात आपले व्हिडिओ ४००० तास पाहिले गेले पाहिजेत. लांब व्हिडिओवाल्या चॅनलला ते जमते, आपल्यासारख्याला एकेक सबस्क्रायबर मागत फिरावं लागते. तुझ्या वरच्या खोलीतलं गाणं तुझ्या चॅनलवर तुझे मित्र ऐकतील, त्यांच्या चॅनलवर तुमसर, उमरेड, वर्ध्यापर्यंत जाईल. गाणं लोकांच्या तोंडी बसणं हीच मोठी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटते. ज्यानं एक केलं तो दुसरंही करू शकते. १५ हजारात हप्ते फेड आणि पुढचं गाणं कर.

बजाजनगरची_ताई
नंदनवन, तुझं पोचण्याचं म्हणणं बरोबर आहे पण पोचण्यासाठी विकावंच लागते हे कोणी सांगितलं?
मी वकील नाही, गाणी लिहिते, आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची सभासद आहे, म्हणून एवढं कागद वाचून माहीत आहे. बाळा, तू ज्याला 'गाणं' म्हणून राहिला त्यात तीन वेगळ्या वस्तू आहेत. शब्द, चाल आणि ते रेकॉर्डिंग. तिन्ही आज तुझ्या आहेत, कारण रेकॉर्डिंगही तूच तुझ्या पैशानं केलं. त्यासाठी कुठे नोंदणी केलीच पाहिजे असंही नाही, केलेली बरी पण नसली तरी हक्क तुझाच. शब्द आणि चालीवरचा हक्क तुझ्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं चालते. म्हणजे तो १५ हजारात तुझ्या नातवाचं पण घेऊन राहिला.
कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात कलम १९ वाच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सही केलेलं पाहिजे, कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, किती पैसे हे सगळं पाहिजे. काळ लिहिलाच नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर तो 'कायमस्वरूपी' हा शब्द मुद्दाम घालून राहिला, तो शब्द काढायला लाव. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर असं आहे की रेकॉर्डिंगसाठी हक्क दिले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा जात नाही, तो लिहून देऊनही देता येत नाही. आणि नावाचं 'बघू' अजिबात चालवून घेऊ नको. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही गाणं माझं आहे म्हणण्याचा अधिकार तुझ्याकडेच राहते आणि मोडतोड करून तुझी बदनामी होत असेल तर हरकत घेता येते. पण कोर्टात जाण्यापेक्षा कागदावर आधीच लिहून घे, ते स्वस्त पडते.
आजोबांच्या मागाचं गाणं आहे, त्याच्याखाली नाव कोणाचं येते याला महत्त्व आहे. मला तरी आहे.

मिक्सर_महाल
ताईंनी सगळं सांगितलं, मी साऊंडवाला आहे तर एकच गोष्ट जोडतो जी पोरं विसरतात. कंटेंट आयडी, म्हणजे कोणी गाणं वापरलं की यूट्यूब आपोआप ओळखते ती सोय. तू त्यांना गाणं दिलं आणि त्यांनी ते कंटेंट आयडीत टाकलं की उद्या तू स्वतःच्या चॅनलवर तेच गाणं टाकशील तर क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, तुझ्यावरच येईल, तुझ्या स्टेज शोच्या व्हिडिओवर पण येऊ शकते. दोघांनाही वापरायचं असेल तर कंटेंट आयडीत टाकायचं नाही असं लिहून घे, नाहीतरी ती सोय एकट्याचा हक्क असणाऱ्यासाठीच आहे. आणि तुझी मूळ फाईल, वेगवेगळे ट्रॅक, कोणाला देऊ नको, फक्त मिक्स दे. कूलर बंद करून घेतलेले सगळे टेक दोन हार्डडिस्कवर ठेव, तारखा त्यात असतातच, वाद झाला तर तेच कामी येते.

विणकर_पोट्टा
खूप खूप आभार. तीन वस्तू वेगळ्या असतात हे मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या ऑर्केस्ट्रात कोणालाच नसेल. झाडीचा_ऑर्गन भाऊ, कीबोर्ड येते मला, तुम्हाला मेसेज करतो. नंदनवन, तुझ्यावर राग नाही, दोन दिवस मी पण असाच विचार करून राहिलो होतो, आणि गाणं तुमसरपर्यंत जावं असं मलाही वाटते.
त्याला असं लिहून राहिलो, पाहा बरं ठीक आहे का: "दादा, गाणं विकायचं नाही. तुमच्या चॅनलवर ३ वर्षांसाठी वापरायला देतो, फक्त यूट्यूबवर. गीत, संगीत, गायक म्हणून माझं नाव व्हिडिओत आणि खाली वर्णनात. माझ्या चॅनलवर आणि स्टेजवर मी वाजवीन. कंटेंट आयडीत टाकायचं नाही. ८ हजार द्या." आकडा जास्त तर नाही ना?

नंदनवन_बीट्स
८ ठीक आहे, १० सांग, तो ८ वर येईल. माझं मत अजून तेच आहे पण ३ वर्षं त्याला मान्य असतील तर हेच चांगलं.

बजाजनगरची_ताई
'डीजे मिक्स प्रसिद्ध करण्याआधी मला ऐकवायचा, माझी लेखी संमती घ्यायची' हे वाक्य घाल, नाहीतर तो ठेकाच काढून टाकेल. निम्मे पैसे सहीच्या दिवशी, निम्मे व्हिडिओ यायच्या आधी. ३ वर्षं कोणत्या तारखेपासून तेही लिही. आणि हे व्हॉट्सॲपवर नको, कागदावर दोघांच्या सह्या घे, एक प्रत तुझ्याकडे.