[मंडळ-गप्पा] साडेपाच फुटी की साडेसहा? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: निखिल (केटी)
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४२

मंडळी,
डीलर शनिवारपर्यंतच थांबणार आहे म्हणून घाईघाईत लिहितोय. एफ-१५० (फोर्डचा पिकअप ट्रक) घ्यायची हे ठरलंय. बाकी सगळं बघून झालं, विलासकाका, कृपया टोयोटा परत काढू नका. चार दारांची सुपरक्रू. प्रश्न फक्त हौद्याचा. इथे लॉटवर उभी आहे ती साडेपाच फुटी. साडेसहा फुटी सॅन अँटोनियोहून मागवावी लागेल, शनिवारी दुपारी येईल.

कामं तीच, फ्लोअरिंग आणि बाथरूम, अधूनमधून किचन. आठवड्यातून दोनदा प्लायवूड नाहीतर ड्रायवॉल, टाइल्स रोजच्याच. सकाळी दोन्ही पोरांना सोडून मग साइटवर.

गोची गॅरेजची आहे. टेप लावून मोजलं, आतून २१ फूट. साडेपाचवाली गाडी १९ फूट ४ इंच, साडेसहावाली २० फूट साडेतीन इंच. पण मागच्या भिंतीला मंडळाचा, गणपतीच्या सामानाचा रॅक आहे, दीड फूट खोल. म्हणजे छोटी बसते, दोन इंच राखून. मोठी बसत नाही. बाहेर उभी करता येत नाही, आमच्या एचओएचं (घरमालकांची सोसायटी) पिवळी शिडी प्रकरण सगळ्यांना पाठ आहे.

कोणी दोन्ही वापरल्या असतील तर सांगा.

निखिल

---

प्रेषक: विलासकाका (शुगर लँड)
बुधवार, ६ ऑगस्ट, पहाटे ५:१०

निखिल, टोयोटा काढत नाही. व्हॅन काढतो.

आमच्या २०१४ च्या सिएनाच्या मधल्या सीट उचलून ठेवल्या, मागची जमिनीत गाडली, की चार बाय आठचं प्लायवूड सपाट आत जायचं आणि वर दार बंद व्हायचं. पावसात भिजणं नाही, ताडपत्री नाही, हायवेवर फडफड नाही. २०२१ पासून मधल्या सीट निघत नाहीत, म्हणून जुनी बघ. रेती-सिमेंटसाठी छोटा ट्रेलर. २०१६ च्या गणपतीला मखराचा मागचा आठ फुटी फळा कोणी आणला होता, आठवत असेल. ट्रकवाले तेव्हा दोघे होते, दोघांचेही हौदे तोकडे.

आणि घ्यायचीच असेल तर सहा हजार पौंडांच्या वरची घे, टॅक्समध्ये पूर्ण वजा होते.

---

प्रेषक: प्रसाद (वुडलँड्स)
बुधवार, ६ ऑगस्ट, सकाळी ६:३५

लांबीबिंबी नंतर बघ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, पांढरं-पिवळं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्या आकड्याचा फोटो पाठव. ब्रोशरमधला आकडा सोडून दे, तो सगळ्यात साध्या गाडीचा असतो. मोठी चाकं, काचेचं छत, गरम-गार सीटा असं वर चढत गेलं की पेलोड (गाडी पेलेल तो भार) खाली उतरतो.

---

प्रेषक: निखिल (केटी)
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी १२:२०

१,६२०. काचेचं छत आहे. तेजूला आवडलंय.

---

प्रेषक: प्रसाद (वुडलँड्स)
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी १२:५८

मग हिशोब कर. टाइलचं खोकं ५० पौंडांचं धर. एका बाथरूमची २० खोकी, झाले १,०००. थिनसेटच्या (टाइल चिकटवायचं सिमेंट) ५० पौंडी पाच गोणी, २५०. तू १९० (दिवाळीनंतर जास्त), तुझा मदतनीस १७०. एकूण १,६१०. उरले दहा. त्यात वेट सॉ (टाइल कापायची पाण्याची करवत), ग्राउट, पाण्याचा कूलर आणि डबा बसव.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २०१९ मध्ये डॅलसहून टाइल भरून निघालो, स्वस्त मिळाल्या म्हणून पाच-सहा खोकी जास्तच टाकली. मागचा भाग इतका बसला की हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर. काळोख पडल्यावर समोरचा जो तो डिपर मारतोय, मला वाटलं माझी हाय बीम राहिली, मी चार वेळा दांडी खाली-वर केली. मग एका उतारावर समोरचा थांबला आणि माझा ब्रेक दाबून गाडी नुसती पुढे सरकत राहिली. आपटलो नाही, एवढंच. त्या दिवसापासून पेट्रोल पंपावर चाकाच्या कमानीत बोटं घालून बघतो किती जागा राहिली ते.

ट्रेलर लावलास तरी सुटका नाही. ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर येतो आणि तोही या १,६२० मधूनच जातो.

माझं ऐकशील तर साधी एक्सएल घे, आणि सुपरक्रूऐवजी सुपरकॅब (मागची केबिन आखूड), साडेसहा फुटी हौद्याची. तिची लांबी तुझ्या साडेपाच फुटी सुपरक्रूएवढीच आहे, १९ फूट ४ इंच. हौदा फूटभर जास्त, गॅरेजात बसते, रॅकही हलवायला नको. कंपनीने कोडं सोडवूनच ठेवलंय.

---

प्रेषक: राहुल (पेअरलँड)
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी १:१५

कोणी हायब्रिडचं बोललंच नाही! माझ्या पॉवरबूस्टला (हायब्रिड एफ-१५०) ७.२ किलोवॉटचं जनरेटर आहे, हौद्यात प्लग. गेल्या वर्षी जुलैत बेरिल वादळ आलं तेव्हा आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. ड्राइव्हवेत ट्रक उभा केला, फ्रिज चालू, खिडकीतला एसी चालू, शेजारच्या आजोबांचं श्वासाचं मशीनही आमच्याच वायरवर. साइटवर वेट सॉसाठी ग्राहकाच्या घरात वायर ओढायला नको. निखिल, डोळे झाकून घे.

---

प्रेषक: विलासकाका (शुगर लँड)
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी १:३१

राहुल, सुटं जनरेटर फार स्वस्तात मिळतं आणि त्याच्यावर इन्शुरन्स भरावा लागत नाही. बेरिलच्या वेळी तू फोन चार्ज करायला बोलावलं होतंस ते आठवतंय, चहा मात्र मिळाला नव्हता.

---

प्रेषक: शेखर (सायप्रस)
बुधवार, ६ ऑगस्ट, दुपारी ४:०२

आठवड्यातून दोनदा प्लायवूडसाठी २० फुटी जहाज कशाला? माझी होंडा रिजलाइन पिकअप साडेसतरा फूट आहे, चाकांच्या कमानींच्या मधून चार फुटी शीट सपाट बसते, हौद्याच्या खाली कुलपाची डिकी आहे. अवजारं चोरीला जात नाहीत. शीट मागे बाहेर येते, येऊ दे. टेक्सासमध्ये चार फूट किंवा जास्त बाहेर आलं तरच लाल फडकं लागतं.

खरं तर आपल्याकडची बोलेरो पिकअप किंवा ती हायलक्स इथे हवी होती. आमच्या कराडच्या मामांचं सगळं बांधकाम एका छोट्या हत्तीवर चालतं. इथे कोणी का आणत नाही कळत नाही.

---

प्रेषक: विलासकाका (शुगर लँड)
बुधवार, ६ ऑगस्ट, संध्याकाळी ५:४४

शेखर, कोंबडीमुळे.

साठच्या दशकात अमेरिकन कोंबडी युरोपात इतकी स्वस्त जायला लागली की पश्चिम जर्मनी आणि फ्रान्सने तिच्यावर जकात बसवली. अध्यक्ष जॉन्सनने बदला म्हणून १९६४ पासून चार गोष्टींवर जकात वाढवली: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक, ट्रकवर २५ टक्के. रोख फोक्सवॅगनवर होता. बाकीच्या तिन्ही पुढे सुटल्या, ट्रकची राहिली. साठ वर्षं झाली. म्हणून तुझ्या मामांचा हत्ती इथे पोचत नाही.

---

प्रेषक: अनघा (सचिव)
बुधवार, ६ ऑगस्ट, रात्री ९:२०

निखिल, एवढ्या मेलांमध्ये एकच वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. रॅक हलवायचा म्हणजे? त्यावर मखर, समया, दोन मोठी पातेली, मोदकांचे साचे, नाटकाचा पडदा आणि २०२३ पासूनचे कागदी फुलांचे खोके आहेत. चतुर्थी २७ तारखेला, आपला कार्यक्रम ३० ला. तीन आठवडे राहिलेत. स्टोरेज युनिटचं भाडं नको म्हणून सर्वसाधारण सभेत तूच हात वर केला होतास, माझ्याकडे इतिवृत्त आहे.

प्रसाद म्हणतो ती सुपरकॅब मला चांगली वाटते.

---

प्रेषक: सुजाता
बुधवार, ६ ऑगस्ट, रात्री ९:४१

साचे माझ्याकडे आहेत ग, तीन. गेल्या वर्षीच आणले होते मी.

---

प्रेषक: मीनल (सीपीए)
गुरुवार, ७ ऑगस्ट, सकाळी ७:५०

टॅक्सचे सल्ले विलासकाकांनी देऊ नयेत ही नम्र विनंती, एप्रिलमध्ये लोक माझ्याकडे येतात.

सहा हजार पौंड हे रिकाम्या गाडीचं वजन नाही. पूर्ण भरून कमाल किती, ते. एफ-१५० त्यात बसते. पुढची गंमत अशी की कलम १७९ (किंमत पहिल्याच वर्षी वजा करायची सोय) खाली या जड गाड्यांना मर्यादा आहे, २०२५ साठी ३१,३०० डॉलर. हौदा आतून निदान सहा फूट असेल तर ती मर्यादा लागत नाही. म्हणजे साडेपाच फुटी मर्यादेत, साडेसहा फुटी बाहेर. कायद्यात खरंच फूट मोजलेत.

पण निखिल, त्यासाठी रॅक हलवू नकोस. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला बोनस डेप्रिसिएशन (पहिल्याच वर्षीचा जादा घसारा) परत १०० टक्के झालंय, मर्यादेच्या वर उरलेली रक्कम त्यातून निघते. दोन्हीत तुला जवळजवळ सारखंच. महत्त्वाचं वेगळंच आहे: धंद्याचा वापर ५० टक्क्यांच्या वर हवा, आणि जेवढे टक्के वापर तेवढीच वजावट. डेकेअर, शाळा, मंदिर, मंडळाची मिटिंग हे सगळं घरगुती. मैलांची वही रोज लिही. पुढे कधी वापर ५० च्या खाली आला तर घेतलेलं परत द्यावं लागतं. आणि साधी घरगुती पॉलिसी ठेवू नकोस, धंद्याच्या फेरीत ठोकली तर क्लेम नाकारू शकतात.

---

प्रेषक: विलासकाका (शुगर लँड)
गुरुवार, ७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

मी "पूर्ण वजा होते" म्हटलं. मीनलने तीन परिच्छेदांत तेच म्हटलं.

---

प्रेषक: तेजस्विनी (केटी)
गुरुवार, ७ ऑगस्ट, रात्री ११:१८

मी सहसा लिस्टवर लिहीत नाही. पण सगळे सुपरकॅबच्या मागे लागलेत म्हणून लिहिते.

आज संध्याकाळी आम्ही चौघं आणि आई (सासूबाई, सांगलीहून आल्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय) दोन्ही कार सीट घेऊन डीलरकडे गेलो. सुपरकॅबचं मागचं दार उलटं उघडतं, आणि पुढचं दार उघडल्याशिवाय उघडतच नाही. आता डेकेअरच्या पार्किंगमध्ये बाजूला दुसरी गाडी उभी आहे असं समजा. दोन्ही दारं समोरासमोर उघडली की मधे एक चौकोनी खोपटं तयार होतं आणि त्यात मी, झोपलेला तीन वर्षांचा मुलगा काखेत. त्याची सीट बसवली तर पुढची सीट एवढी पुढे आली की निखिलचे गुडघे डॅशबोर्डला. आई मागे चढल्याच नाहीत. म्हणाल्या, मी रिक्षाने येते.

सुपरक्रूत दोन्ही कार सीट बसल्या आणि मधे आईही बसल्या. त्यांना चढायला पायरी लागेल, ती बसवून घेतोय. काचेचं छत मी सोडलंय. प्रसाददादा, सॅन अँटोनियोची गाडी साधी एक्सएलटी आहे, छत नाही, स्टिकर १,८४० आहे, फोनवर वाचून घेतलं.

राहिला रॅक. अनघाताई, हात निखिलने वर केला होता, मी त्या सभेला मुलाच्या तापामुळे घरी होते. तेही इतिवृत्तात असेल.

---

प्रेषक: प्रसाद (वुडलँड्स)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ६:१०

१,८४० म्हणजे २२० पौंड जास्त. चार खोकी आणि डबा. साडेसहा फुटी घे, फाळका पाडला की आठ फुटी शीट त्याच्यावरच संपते, बाहेर लोंबत नाही. वहिनी, दारांचं माझ्या डोक्यातच आलं नाही. माझी पोरं आता स्वतः गाडी चालवतात.

---

प्रेषक: अनघा (सचिव)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

बरं. रॅक माझ्याकडे आणा, आमची एक गाडी तीन आठवडे बाहेर राहील, यांना मी सांगते. पण उद्या सकाळीच न्यावा लागेल, दुपारी निखिलचा ट्रक येतोय. शिवाय उद्या नारळी पौर्णिमा, अकरानंतर मी नारळीभातात आहे. मखराचा मागचा फळा आठ फुटी आहे. विलासकाका, तुमची व्हॅन?

---

प्रेषक: विलासकाका (शुगर लँड)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ९:५२

व्हॅन मार्चमध्ये मुलीला दिली. ऑस्टिनला आहे.

---

प्रेषक: राहुल (पेअरलँड)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ९:५५

माझा हौदा साडेपाचच आहे, फळा बाहेर येईल. शिवाय उद्या राखीला बहीण येतेय.

---

प्रेषक: शेखर (सायप्रस)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी १०:२०

माझा सव्वापाच. अडीच-पावणेतीन फूट बाहेर, चालेल, पण त्यावरचं जरीकाम उडालं तर माझी जबाबदारी नाही.

---

प्रेषक: निखिल (केटी)
शुक्रवार, ८ ऑगस्ट, सकाळी ११:०४

आठ फुटी फळा नीट नेईल असा लिस्टवरचा एकच हौदा उद्या दुपारी तीनला सॅन अँटोनियोहून येतोय, आणि तो आत यायला आधी फळा जायला हवा. डीलरला सांगितलंय, एक रात्र ट्रक तुमच्याच लॉटवर राहू दे. रविवारी सकाळी आठला तो घेऊन थेट गॅरेजच्या दाराशी येतो. दोघं तरी या उचलायला. जुनी चादर आणि दोर आणा, नव्या हौद्याला मखराच्या खिळ्यांचे ओरखडे नकोत.

मीनल, रॅक पोचवायचे मैल कशात धरायचे?