शेतकऱ्यांनी सोडलेले घोडे रानटी होतात, मग आपली गुरे का होत नाहीत?

सत्तरीकर: बोस्नियातील लिव्हनो शहराजवळच्या डोंगरपठारावर शेकडो घोडे मोकळे फिरतात आणि ट्रॅक्टर आल्यावर, १९७० च्या दशकात, शेतकऱ्यांनी सोडून दिलेल्या घोड्यांचे ते वंशज आहेत, असे वाचनात आले. आमच्या गोव्यातील वाळपई भागातही पॉवर टिलर आल्यापासून जोताचे बैल दिसेनासे झाले. मात्र मोकाट गुरे रानात न जाता रस्त्यावर बसतात. घोड्यांना हे कसे साधले, आणि आता त्यांना वन्य प्राणी म्हणावे काय?

फोंड्याचा पशुवैद्य: वन्य म्हणू नये. पाळीव घोड्यात ६४ गुणसूत्रे असतात आणि मंगोलियातील प्रझेवाल्स्की या वन्य घोड्यात ६६; रानात कितीही पिढ्या गेल्या तरी लिव्हनोचा घोडा वंशाने पाळीवच राहणार. वागणूक मात्र फार लवकर पालटते: एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असा कळप बनतो, आणि वयात आलेले नर बाहेर पडून आपली वेगळी टोळी करतात. घोडा रवंथ करत नाही, चारा त्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो. त्यामुळे निकस गवतही भरपूर मिळाले तर तो त्यावर तगतो, आणि हिवाळ्यात बर्फाखालचे गवत खुराने उकरून खातो.

गुरे रानटी होतच नाहीत, असे मात्र नाही. हिंदी महासागरातील अ‍ॅमस्टरडॅम बेटावर १८७१ मध्ये मागे राहिलेल्या पाच जनावरांचा पुढे मोठा कळप झाला, आणि तो २०१० मध्ये हटवावा लागला. तेथे माणसांची कायमची वस्तीही नव्हती आणि वाघही नव्हता. आपल्याकडे बाजारात भाजीचा कचरा मिळतो, पावसाळ्यात डांबरी रस्ता कोरडा लागतो, आणि बऱ्याच ‘मोकाट’ गाईंना दूध काढण्यापुरता मालकही असतो (दंड भरायची वेळ आली की तो सापडत नाही, ही गोष्ट वेगळी). अशी गाय म्हादईच्या रानात कशाला जाईल?

म्हापसेकर: डॉक्टरांच्या उत्तराला जोडून एवढेच सांगतो की, असे कळप आवरणे हाच पुढे मोठा प्रश्न होतो. शिकारी प्राणी नसले तर घोड्यांची संख्या चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकते. अमेरिकेने १९७१ मध्ये कायद्याने त्यांना संरक्षण दिले, आणि आता तेथील सरकारलाच दरवर्षी हजारो घोडे पकडावे लागतात. तेथल्याच अ‍ॅसाटीग बेटावर घोड्यांना लांबून डार्ट (बंदुकीने मारायची सुई) मारून गर्भनिरोधक लस दिली गेली. लिव्हनोच्या कळपांना पर्यटक येऊ लागले आहेत, त्यामुळे तेथील लोकांना ते हवेसेही वाटतात.

सत्तरीकर: डॉक्टर, अशी लस गाईंना लागू पडते काय? आमच्या पंचायतीत सध्या फक्त कोंडवाड्याची चर्चा चालू आहे.