मदत हवी आहे: कोंबडीची गळ्याची पिशवी भरलेलीच राहते

गावरान कोंबडी, वजन दीड किलोच्या आसपास. पहाटे दाणे टाकण्याआधी चाचपली तरी पिशवी लिंबाएवढी टणक लागते. एरवी रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. तोंडाला आंबूस वास नाही, त्यामुळे बुरशीचा प्रकार वाटत नाही. लांब, चिवट गवत किंवा सुतळीचा गोळा अडकला असावा. विष्ठा थोडी, हिरवट-पातळ.

काल सकाळपासून दाणे बंद, पाणी चालू. दिवसातून तीनदा 2-3 मिली कोमट खोबरेल, ड्रॉपरने चोचीच्या कडेने, थेंब थेंब. मग पाच मिनिटं बोटांनी गोळा हलकेच मोकळा करणं. उलटी धरून ओकवणं मुद्दाम टाळलंय, कारण पाणी श्वासनलिकेत गेलं तर कोंबडी तिथंच दगावते.

गोळा किंचित मऊ झालाय, पण सरकत नाही. तेल-मालिश अजून एक दिवस चालवावी, की पिशवी कापून साफ करायला आजच पशुवैद्यकाकडे न्यावं? सुतळी असेल तर तेलाने काय होणार, ही खरी शंका. आणि उपाशी किती काळ ठेवणं सुरक्षित? नंतर उकडलेलं अंडं आणि जाड वाळू कधीपासून द्यावी?